पहिल्या ओळीवरचं श्री

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी प्रोबेशनवर होते आणि शेवटचा आठवडा उरला होता. दवाखान्यांत नंबर दाखवणारे पडदे असतात ना, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. कुठला डॉक्टर कुठल्या खोलीत, नंबर कधी सुरू, हे सगळं एका एक्सएमएल फाइलीत लिहिलेलं असे. जोगेश्वरीच्या एका नव्या दवाखान्याची फाइल मी एकटीने केली. माझी पहिलीच. व्हॅलिडेटरने, म्हणजे फाइलीतल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, ती तपासली. एकही चूक नाही. मग ती शेजारच्या टेबलावरच्या काकांकडे दिली. दवाखान्याच्या मशीनवर फाइल चढवायचं काम त्यांचं.

सकाळी दवाखान्यातून फोन आला. पडदा काळा, पेशंट काउंटरवर भांडतायत.

"तुझीच फाइल ना?" सर म्हणाले. "अकरापर्यंत नीट कर, नाहीतर पर्मनंटचं विसर."

मी माझी फाइल पुन्हा तपासली. चूक नाही. पुन्हा तपासली, तेच. व्हॅलिडेटरला दोन शिव्या घालून झाल्या. मग अक्कल आली, की मी आपल्याकडचीच प्रत घासत बसलेय. दवाखान्यातली फाइल मागवून तपासली. पहिल्याच ओळीवर लाल खूण: एक्सएमएलची घोषणा फाइलीच्या अगदी सुरुवातीलाच हवी.

'ही एक्सएमएल फाइल आहे' असं मशीनला सांगणारी ती घोषणा, म्हणजे माझी पहिली ओळ, दुसरी झाली होती. तिच्या डोक्यावर एक कॉमेंट, म्हणजे फक्त माणसांसाठी लिहिलेली टीप, होती. कॉमेंटमध्ये फक्त 'श्री'.

"काका, हे तुम्ही घातलंत?"

"तुझी पयली फाइल ना गो, म्हणान," काका म्हणाले. "कॉमेंट मशीन खंय वाचता?"

"घोषणेच्या वर कॉमेंटही चालत नाही! वाट लागली ना माझी!" मी एवढ्याने ओरडले की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

काकांनी चष्मा वर करून ती लाल ओळ दोनदा वाचली. मग उठले आणि थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "चूक पोरीची नाय, माझी. न तपासता चढवली," एवढंच म्हणाले. रिटायर व्हायला वर्ष राहिलेला माणूस, शाळकरी पोरासारखा उभा होता. मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

मी श्रीची ओळ खोडली. फाइल चढवणार, तेवढ्यात हात थांबला. घोषणा पहिल्या ओळीवर ठेवली आणि तिच्याखाली, दुसऱ्या ओळीवर, कॉमेंटमध्ये श्री परत लिहिलं. व्हॅलिडेटर म्हणाला, चूक नाही. पावणेअकराला पडदा लागला.

मी पर्मनंट झाले. काका आता मालवणला असतात. देवाधर्माचं माझं तसं यथातथाच आहे. पण नवी फाइल उघडली की दुसऱ्या ओळीवर मी श्री लिहिते. नवी पोरं विचारतात, मॅडम, हे कशाला? मी सांगते, राहू दे, ती काकांची ओळ आहे.