जुजेबाबची तिथ

मालवणच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. शनिवारची सकाळची शाळा होती. तिसरीच्या वर्गात मी फळ्यावर गुणाकार मांडत होते, तोच दाराशी पावलं वाजली. वळून बघते तर पांढरा कोट, पांढरी पाटलोण आणि डोक्यावर बोटीवरची टोपी घातलेला एक साठीचा गृहस्थ उंबऱ्यात उभा. त्याच्यामागे पाच अनोळखी माणसं, एकाच्या गळ्यात कॅमेरा. गृहस्थ माझ्याकडे हात करून त्यांना सांगत होता, "ही आमची शाळा. आनी हे नवीन बाई. कणकवलीसून इलेत. गेल्या सोमवारपर्यंत ह्यांनी दर्या बगलेलो नव्हतो."

किल्ल्यावरच्या तोफेकडे बघावं तसे ते पाचही जण माझ्याकडे बघू लागले. मुलं मात्र जराही बावरली नाहीत. त्यांना याची सवय असावी, कारण कोणी न सांगताच सगळी उभी राहिली आणि एका सुरात पाऊणकी म्हणू लागली. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..." मी त्यांना पाऊणकी शिकवलेली नव्हती. दशमान पद्धतीचं नवं वारं माझ्या डोक्यात होतं आणि असली जुनी पाठांतरं आता अडगळीत टाकावीत अशा मताची मी होते. पाहुणे खूश होऊन निघून गेले. मी मात्र दिवसभर धुमसत राहिले.

संध्याकाळी कळलं की हा गृहस्थ माझ्या बिऱ्हाडासमोरच राहतो. नाव जुजे, सगळे म्हणत जुजेबाब. लग्न केलेलं नाही, उमेदीची वर्षं जहाजांवर वाढपी म्हणून गेली, आता पुतण्याच्या घरी मुक्काम. मी तडक जाऊन विचारलं, की वर्ग चालू असताना माणसं आणायची परवानगी तुम्हाला कोणी दिली? त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "बाय, गाव म्हंजे निसते दगड नाय. दगड कोणय दाखयत. माणसां दाखवची लागतत." वर्गात पुन्हा माणसं आणायची नाहीत, असं बजावून मी परत आले. पुढच्या शनिवारी तो सात जणांना घेऊन आला.

त्या काळी मुंबईहून येणारी आगबोट झुंजूमुंजू होताना मालवणसमोर नांगर टाकायची. बंदरात पाणी उथळ, म्हणून बोट लांब उभी राहायची आणि माणसांची, सामानाची पडावातून ने-आण व्हायची. आंब्याच्या मोसमात पेट्या चढेपर्यंत तिला साडेआठ वाजत. पुढे वेंगुर्ल्याला, नंतरच्या काळात गोव्यालाही जाणारे लोक तोवर कठड्याला टेकून जांभया देत बसत. जुजेबाब पहिल्याच पडावातून बोटीवर चढे आणि जांभया देणाऱ्यांना गाठे. "दोन तास हयसर बसान काय करतलात? चला, माजो गाव बगा." पाच-सहा जण तरी हमखास उतरत.

त्याची फेरी ठरलेली होती. दर्यापासून वीस पावलांवरची गोड्या पाण्याची विहीर, जिचं पाणी तो प्रत्येकाला प्यायला लावी. मग बाजारात गरम खाजं, देवळाचं पटांगण, ख्रिस्त्यांची इगर्ज, वाटेत भेटेल तो माणूस, आणि शाळा भरलेली असली तर शाळा. किल्ल्यावर नेण्याचा हट्ट कोणी धरला तर तो धक्क्यावर उभं करून बोट दाखवी. "किल्लो हयसूनच बगूचो. लागी गेल्यार भिंत दिसता, लांबसून किल्लो दिसता." खरं म्हणजे किल्ल्यावर जाऊन यायला वेळ पुरत नसे. पण आपल्या गावात काही कमी आहे हे कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तो लष्करी शिस्तीचा होता. बोट सुटण्याआधी प्रत्येक माणूस बोटीवर पोचलाच पाहिजे. बंदरावर कोणी छेडलं की तो छाती पुढे काढून सांगे, "इतक्या वर्सांत माजो एकय पासंजर मागे रवलो नाय." या शिस्तीचं मूळ त्याने मला एकदा सांगितलं. ऐन तारुण्यात मोंबासा बंदरात तो पोपटांचा बाजार बघायला उतरला, बघत राहिला आणि जहाज निघून गेलं. "सात म्हयने अडाकलंय थंय. हयसर आवशीक कोणी तरी सांगल्यान, तुजो झील बुडालो. मी इलंय तेव्हा ती माका वळखीना." आईचं एवढं सांगून त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो बंदराकडे निघाला.

मी राहत होते ती खोली पूर्वी एका भटजींची होती. जुजेबाब रोज पहाटे त्यांच्या खिडकीशी येऊन तिथी विचारी. भटजी गेले, खोलीत मी आले आणि तिथी सांगण्याचं कामही खोलीबरोबर माझ्याकडे आलं. माझ्या वडिलांनी ट्रंकेत घालून दिलेलं पंचांग खिळ्याला टांगलेलं होतंच. पहाटे गजांवर टकटक होई. "बाय, आज तिथ खंयची?" मी सांगे, आणि तो पुटपुटत पाऊणपट करी. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते, तिच्यात सहा तास मिळवले की पुरी ओहोटी, तिला इथे सुकती म्हणतात. किनाऱ्यावरचं शेंबडं पोर हा हिशेब जाणतं. मी घाटाच्या पायथ्याची, मला तो जुजेबाबने शिकवला. मग वर्गातली पाऊणकी मी बंद केली नाही.

ख्रिस्ती माणसाने पंचांगावर इतका भरवसा ठेवावा याची मी एकदा थट्टा केली. तो म्हणाला, "दर्याक खंयची जात?" मी म्हटलं, "मग चंद्र बघूनच का नाही सांगत तिथी?" त्याने मान वर केली आणि म्हणाला, "आज ढग आसत." आभाळ स्वच्छ होतं आणि चंद्र चांगला ठसठशीत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि हे त्याने कोणालाही कळू दिलेलं नाही. मीही कोणाला बोलले नाही.

गोवा मोकळा झाला त्यानंतरचा पहिला उन्हाळा. रविवार होता. टकटक झाली तेव्हा मी चुलीशी चहाच्या नादात होते. "बाय, आज तिथ खंयची?" काल प्रतिपदा सांगितल्याचं मला आठवत होतं. पंचांगाकडे न बघताच मी म्हटलं, "द्वितीया."

"दोन पाऊण दीड. म्हंजे साडेसाताक सुकती, आठाक पाणी वळलेला आसतला," असं पुटपुटत तो गेला आणि जाताना म्हणाला, "आज रविवार. तू पण ये. दोन वर्सां झाली, बोट लांबसूनच बगतंस." बोटीची मला धास्ती होती, पण त्या दिवशी मी गेले.

त्या दिवशी त्याच्या वाट्याला एकच पासंजर आली. सुभद्राबाई, गिरगावातली सत्तरीची बाई. तिला रात्रभर बोट लागली होती. गोव्यात तिची धाकटी बहीण फार आजारी होती. मधली काही वर्षं वाट बंद म्हणून दोघींची भेट नव्हती, आणि आता कळवलं होतं की लवकर ये. जुजेबाबने तिला हाताला धरून उतरवलं, विहिरीचं पाणी पाजलं, माडाच्या सावलीत बसवलं. तिचा चेहरा पाण्याबरोबर टवटवीत होत गेला. बंदराचा पडाव शेवटची खेप घेऊन निघाला तेव्हा तिला नुकता डोळा लागला होता. जुजेबाब म्हणाला, "झोपांदेत अर्दो तास. आमची होडी आसा. आठाक पाणी वळतला, धा मिन्टांत पोचवतंय."

आठ वाजता आम्ही होडीत बसलो. वल्ह्यावर त्याचा पुतण्या पास्कू होता. थोडं गेल्यावर तो म्हणाला, "काका, पाणी अजून उतारतासा." जुजेबाब म्हणाला, "उतारतला कसा? आज दुतिया." पास्कूने चमकून मागे बघितलं. "दुतिया खंय, काका? मधली तिथ गळली. आज तिसरी." तो हे बोलतोय तोच होडीचं बूड वाळूला घासलं आणि ती दांड्यावर रुतली.

क्षयतिथी. पंचांगाच्या त्या ओळीत ती छापलेली होती. मी फक्त बघायला हवं होतं. पाऊण तासाचा फरक, आणि पाणी वळायला अजून अवकाश होता. पास्कू आणि जुजेबाब खाली उतरून होडी ढकलू लागले. मीही लुगडं खोचून उतरले. होडी हलेना. साडेआठला भोंगा झाला. जुजेबाब गुडघाभर पाण्यात उभा राहून टोपी हलवत होता, आणि बोट शांतपणे तोंड फिरवून दक्षिणेला निघून गेली. सुभद्राबाई रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "भेटणं नशिबात नव्हतं म्हणायचं."

मी तोंड उघडलं. "जुजेबाब, तिथी मी..." त्याने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "बाय, गप रव." मग सुभद्राबाईकडे वळून म्हणाला, "चूक माजी, आक्का. तुमची भैण वाट बगतली. उटा, एस्टी गावतली." बंदरावर परत आल्यावर लोक गोळा झाले, पास्कूने तोंडावर विचारलं, की दुतिया तुका कोणी सांगल्यान? जुजेबाब म्हणाला, "माका कोण सांगतलो? मीच चुकलंय." ओल्या पाटलोणीनिशी तो तिला घेऊन कुडाळच्या गाडीत बसला.

पुढचे दोन दिवस बंदरावर त्याची टिंगल चालली होती. "जुजेबाबचो पासंजर रवलो," हे वाक्य मी पाणी भरताना ऐकलं, बाजारात ऐकलं. खरं काय ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. मास्तरणीला पंचांग वाचता येत नाही असं गाव म्हणेल, ही भीती. आज वाटतं, ते सांगायला हवं होतं. माझ्या हातून झालेल्या चुकीपेक्षा ते गप्प राहणं मला जास्त बोचतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परतला. पास्कूच्या बायकोकडून सगळं समजलं. कुडाळला गाडी बदलली, बांद्याला बदलली, दिवेलागणीला सुभद्राबाई बहिणीच्या दारात पोचली. बहीण जिवंत होती, शुद्धीवर होती. पहिलाच प्रश्न तिने विचारला तो "जेवलंस गे?" बोटीवरून पणजीला गेलेली ट्रंक जुजेबाबने दुसऱ्या दिवशी सोडवून आणून दिली आणि मगच तो निघाला. एस्टीत सुभद्राबाईला एकदाही उलटी झाली नाही, हे तो ज्याला त्याला आवर्जून सांगत होता.

त्या रात्री मी माफीची वाक्यं जुळवली. पण सकाळी तो येईल असं मला वाटत नव्हतं. कोण येईल? पास्कू घरात होता, त्याला तिथ्या तोंडपाठ. विचारायचंच तर त्याला विचारावं.

पहाटे गजांवर टकटक झाली. "बाय, आज तिथ खंयची?"

मी पंचांग खिळ्यावरून काढलं, दिव्याखाली धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि दोनदा बघितलं. मग तिथी सांगितली. "जुजेबाब, त्या दिवशी मी..."

"त्या दिवसाची तिथ गेली, बाय," तो म्हणाला. "माका आजची व्हयी." आणि पाऊणपट करत निघून गेला. माझा पुन्हा भरवसा धरण्यासाठी त्याने एक दिवससुद्धा मध्ये जाऊ दिला नाही.

त्यानंतर मी तीसेक वर्षं शिकवलं. काल ज्या मुलाचं उत्तर चुकलं, त्याला आज पहिला प्रश्न विचारायचा, ही माझी पद्धत. लोकांना वाटे ही ट्रेनिंग कॉलेजातली युक्ती. ती मी खिडकीच्या गजांशी शिकले.

त्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली झाली. जुजेबाबला मी कार्ड टाकत असे आणि वर तारखेऐवजी तिथी लिहीत असे. पास्कू उत्तर पाठवी. एकदा त्याने लिहिलं, "काकांचे डोळे आता पुरते गेले. बोटीवर जाणे बंद. तुमचे कार्ड वाचून दाखवले तर म्हणाले, ही तिथ परवाची. बायक सांग, माका आजची व्हयी."

मे महिन्याच्या सुट्टीत मी मालवणला गेले. तीच आमची शेवटची भेट ठरली, त्या पावसाळ्यात तो गेला. सकाळची वेळ होती, जुजेबाब ओट्यावर बसला होता, तोच पांढरा कोट अंगात. माझा आवाज ऐकताच, कधी आलीस, कशी आहेस, काही नाही. "तिथ खंयची?"

येताना मी पंचांग बघून आले होते. "एकादशी."

"अकरा पाऊण सव्वाआठ. म्हंजे आता भरती लागली आसतली. चल, पाणी बगया."

त्याचा हात धरून मी त्याला धक्क्यावर नेलं. समोर बोट उभी होती, पडाव ये-जा करत होते. तो पायरीवर बसला, चपला काढल्या आणि पाय खालच्या पायरीवर ठेवले. थोड्या वेळाने पाणी त्याच्या पावलांशी आलं, मागे गेलं, पुन्हा आलं ते घोट्यापर्यंत. तो माझ्या दिशेने वळला आणि माझा हात थोपटून म्हणाला, "बगलंस? बरोबर सांगलंस."