पोकळीवाले सर

आमच्या ताईच्या दिरांइतका पोकळीवर जीव असलेला माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही. कडा गावच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे, एकटेच राहायचे आणि मेंदूचा अभ्यास करायचे, तोही कुठे सुरी न लावता. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात याची माहिती परदेशातल्या प्रयोगशाळांकडून मागवायची आणि त्या जाळ्यात पोकळ्या कुठे राहतात हे टोपॉलॉजी नावाच्या गणितानं शोधायचं, हा त्यांचा उद्योग. "हातातलं कडं कितीही चेपा, मधली पोकळी जाते का? तसंच हे," असं ते भाजीवालीलाही ऐकवत. दुष्काळात बाया टँकरभोवती घागरींचं रिंगण धरून बसल्या, की सर त्या रिंगणाकडे बघत राहायचे आणि आपली कळशी रिकामीच घेऊन घरी यायचे.

त्या वर्षी ऊसच नव्हता; आमचा सहकारी साखर कारखाना बंद. वार्षिक सभेत सांगण्यासारखं काही नाही, म्हणून चेअरमननी सरांचं भाषण ठेवलं. मी तिथला कारकून. सर मेंदूतल्या पोकळ्यांवर बोलू लागले आणि सभासद एकेक करून चपला शोधू लागले. शेवटी एक म्हातारा मेंढपाळ तेवढा उरला. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन सरांच्या दारात हजर.

"सायेब, हिला काई याद ऱ्हात न्हाई. डोस्क्यात पोकळी पडली का बगा."

सरांनी हात जोडले. "बाबा, मी डॉक्टर न्हाई." स्वतः बरोबर जाऊन त्यांनी तिला बीडच्या दवाखान्यात दाखवलं. तिथं फारशी आशा मिळाली नाही. मात्र त्यानंतर दर बाजारी म्हातारा तिला सरांच्या ओट्यावर बसवून चारा शोधत फिरायचा, आणि सर तिला आपलं गणित सांगायचे. पुढच्या बाजारी ती सगळं विसरून आलेली. सर पुन्हा पहिल्यापासून. ती दर वेळी तोंडाला पदर लावून म्हणायची, "लई नवल हाय की!" इतकी वर्षं न मिळालेला श्रोता सरांना मिळाला होता. बाजाराच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालू लागले.

मग चारा संपला. मेंढरं घेऊन दोघं उमापूरच्या बाजूला, गोदाकाठाकडं निघाली. म्हातारीला घोड्यावर बसवलं होतं. सर वेशीपर्यंत सोबत गेले, मीही होतो.

"तुमी कोन म्हनायचं?" तिनं विचारलं.

सर घोड्यापासून बाजूला झाले. "इथलाच हाय, मावशी. सावकाश जा."

परतल्यावर ते ओट्यावर टेकले. मी म्हणालो, "सर, ते गणित मलाबी सांगा की."

ते रस्त्याकडं बघत होते. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "जरा बस नुसता."