मेल्याचं सोंग

नाट्यगृहात सगळे तिला आत्या म्हणत. ती कपडेपट सांभाळायची: उसवलेली कोपरं, तुटलेले हुक, खोट्या राजांच्या अंगरख्यावरचे खरे घामाचे डाग. जीभ सुईहून टोकदार. पण रंगमंचावर कुणी मेल्याचं नाटक करत आडवं झालं, की ती विंगेतून उठून बाहेर जायची.

तिचे वडील तसेच गेले होते. बायको किती रडते ते बघायला मेल्याचं सोंग घेणारा नवरा, असं एक विनोदी नाटक तेव्हा जोरात चालायचं. त्यावरून मूकपट काढताना वडील चादरीखाली झोपले ते उठलेच नाहीत. कंपनीने परस्पर अंत्यसंस्कारही उरकले. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "ते गेले नव्हते. घाई केली मेल्यांनी." लोकांनी तिला वेडी ठरवलं.

तो मूकपट हरवलेलाच होता. यंदा एका गोदामात त्याचं शेवटचं रीळ सापडलं आणि मी जुन्या फिल्म दुरुस्त करते, म्हणून माझ्या टेबलावर आलं. मी आत्याला बोलावलं.

"हसू येतं का गं त्यात?" तिने दारातच विचारलं.

"लोकांना यायचं म्हणे."

"मग आधी चहा सांग."

हाताने फिरवायच्या यंत्रावर मी रीळ चढवलं. छोट्या काचेत खोली उजळली. मागे दार, पुढे पलंग, चादरीखाली वडील. बायको ऊर बडवते, शेजारी खिसे चाचपतो. मग तो चादर जरा वर करतो आणि त्याचं हसू मावळतं. तो थेट कॅमेऱ्याकडे बघतो. सगळेच मागे सरकतात. हा अभिनय नव्हता. कॅमेरावाला मात्र हँडल फिरवतच राहिला. चौघं पलंगासकट वडिलांना दाराबाहेर नेतात. कंपनीने तोच शेवट ठेवला होता.

"मागे घे," आत्या म्हणाली. "चादर बघ."

चादर वर-खाली होत होती. सगळे मागे सरकल्यानंतरही.

"जुनी फिल्म आक्रसते, आत्या. चित्र श्वास घेतल्यासारखं हलतं. आमच्याकडे रोजचंच आहे."

"मग दारही हलेल की."

मी काचेवर दाराच्या चौकटीला लागून पट्टी धरली आणि हँडल सावकाश फिरवलं. चौकट पट्टीला चिकटून राहिली. चादर उचलली गेली, बसली, पुन्हा उचलली गेली.

"बोल की. यातली जाणकार ना तू?"

"दार हलत नाहीये."

आत्याने पट्टी स्वतः दाराशी धरून पाहिली.

"आईला वेडी म्हणणाऱ्यांतली आता मी एकटीच उरलेय," ती म्हणाली.

मग तिने माझा हात बाजूला केला. रीळ पुढे नेलं, खोली रिकामी होईपर्यंत, आणि हँडल उलटं फिरवायला लागली. चौघं उलट्या पावलांनी आत आले. त्यांनी पलंग जागेवर ठेवला. तिथे ती थांबली, काचेवर वाकली आणि झोपलेल्या माणसाला उठवतात तशी दबकी हाक मारली.

हँडल कुणीच फिरवत नव्हतं. तरी आम्ही दोघी चादरीकडे बघत राहिलो.