रंजीच्या खालच्या बोटाची टोपी

मी तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवतो. आठवडाभराची सुट्टी मागितली तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, घरी लग्न आहे का? नाही म्हटलं. कुणी वारलं का? तेही नाही. गोधड्या शिवणाऱ्या मैत्रिणीला हातानं शिवलेल्या पाच वस्तू द्यायला दोन हजार कोस लांब वाटणाऱ्या घरी चाललोय, हे समजावण्याइतकी माझी तमिळ नाही. मग तोंड पाडून उभा राहिलो. त्यानं सही केली.

मैत्रीण म्हणजे रंजना. आमचं गाव संभाजीनगरकडं, शेंद्र्याजवळ. सातवीपर्यंत एका वर्गात होतो, पुढं मी शाळा सोडली आणि नुसता फिरायला लागलो. तेव्हा हिनं माझ्या हातात सुई दिली आणि फाटक्या पोत्यावर धावदोरा शिकवला. आज मी जे चार पैसे मिळवतो त्याची सुरुवात तिथं आहे. मी तिला हे कधी बोललो नाही, कधी काही दिलंही नाही.

ती आता बजाजनगरला राहते, नवरा प्रकाश वाळूजच्या एका कंपनीत आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्या धाकट्या बहिणीला नऊ वर्षांनी बाळ झालं होतं. बारशाला गोधडी न्यायची होती, अर्धी शिवून झाली होती आणि हिचं बोट पिकलं. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला आणि बजावलं की महिनाभर त्या बोटाला सुई लागता कामा नये. बारशाला उरले होते अकरा दिवस.

दुसऱ्या कुणी पुरी करावी तर तेही नाही. तिच्या माहेरी बाळाची पहिली गोधडी एकाच हातची लागते. जिनं पहिला टाका घातला तिनंच शेवटचा घालायचा. मधे परका टाका पडला तर उसवतात. हे ऐकलं आणि मी ठरवलं, हिच्या बोटाला टोपी शिवून द्यायची.

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत शिवत बसलो. होजिअरीच्या चिंध्यांचं सुईघर केलं, आत लोकरीच्या कापडाची पानं, म्हणजे सुया गंजत नाहीत. मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी केली. कात्रीला म्यान केलं. दोऱ्यांसाठी सात कप्प्यांचा बटवा केला, आणि शेवटी जाड चामड्याची बोटाची टोपी. तुमचीही कुणी गोधडी शिवणारी असेल तर यातली कुठलीही वस्तू एका दिवसात होते. फक्त टोपीबद्दल पुढं वाचा, मगच शिवा.

तिरुपूरहून सिकंदराबाद, तिथं गाडी बदलून संभाजीनगर. सिकंदराबादला मधे चांगला वेळ मिळतो, स्टेशनबाहेर भात-सांबार खाऊन घ्या, पुढच्या गाडीत धड काही मिळत नाही. स्लीपरचं तिकीट आधी काढा, मी जनरलनं गेलो आणि परभणीपर्यंत पेटीवर बसलो. स्टेशनवरून बजाजनगरला शेअर रिक्षा मिळते. रस्ता रुंद आहे, पण कंपन्या सुटायच्या वेळी चालत लवकर पोचाल.

रंजीनं दार उघडलं. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला पट्टी. प्रकाशनं सुयांचा डबा कपाटावर चढवून ठेवला होता, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात एक सुई खोचलेली होतीच, आणि गोधडीच्या कोपऱ्यावर रक्ताचा धुतलेला तांबूस डाग होता. मी डागाकडं पाहतोय हे पाहून ती म्हणाली की चहा पडला. प्रकाश आतून म्हणाला की घरात चहा मीच करतो, तो लाल नसतो.

मग तिनं गोधडी पसरली. मी रोज हजारो बनियनं शिवतो, पण असं काही पाहिलं नव्हतं. कडेनं सुरू झालेला टाका चौकोनात फिरत फिरत आत येत होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, एकसारखा. पालथी केली तर मागूनही तसाच. उलटी-सुलटी ओळखता येईना. मधे हातभर जागा कोरी होती.

मी पिशवी उघडली. सुईघर तिनं नाकाला लावून हुंगलं, बटव्याचे कप्पे मोजले, एक टाका नखानं ओढून पाहिला आणि म्हणाली, "बरा हाय. मशीनवर बसून हात गेला नाय तुझा." मला तेवढं पुष्कळ झालं. मग मी ऐटीत चामड्याची टोपी काढली आणि तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातली.

ती हसायला लागली. हसता हसता थांबली.

"संत्या, पट्टी कुठल्या हाताला हाय?"

पट्टी डाव्याला होती. मी ती पाहिली होती आणि तरी टोपी उजव्याला घातली होती. मशीनवाल्याला सुई वरून दिसते, खाली असते ती बॉबिन. बॉबिनला कुठं दुखतं. सुई ढकलणाऱ्या बोटाला जपायचं एवढंच मला माहीत. रंजीचं बोट खाली गोधडीच्या पोटाशी असतं. सुईचं टोक सगळे थर भेदून आलं की त्या बोटाला लागतं, आणि तेच बोट तिला परत वर लोटतं. प्रत्येक टाक्याला एकदा.

"वरचा हात नुसता हमाल हाय," ती म्हणाली. "बघतं ते खालचं बोट."

मग तिनं डोळे मिटून उजव्या बोटानं दोन टाके हवेत घालून दाखवले. डावं बोट बरं होतं तेव्हाही तिनं कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं, टोक आलेलं त्या बोटालाच कळायचं.

तीच टोपी डाव्या बोटाला घालून पाहिली. टोक आलेलं कळेचना, टाका वरच्या दोन थरांतच राहिला. तिनं लगेच उसवला.

दुसऱ्या दिवशी गुलमंडीला गेलो. दोरे-बटणांची दुकानं तिथं एकाला लागून एक आहेत, सकाळी अकराच्या आधी जाऊ नका. एका दुकानदार चाचांनी स्टीलचं अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची बोटाची टोपी, दिलं, रबराचं दिलं, वर म्हणाले, "मियाँ, उंगली बचानी है या सिलाई?" मी म्हटलं दोन्ही. त्यांनी मान हलवली. शहागंजला नान-खलिया खाल्ला, तो मात्र चुकवू नका, आणि संध्याकाळी बजाजनगर. स्टीलवरून सुई घसरली. रबरात रुतली आणि आरपार गेली. नशीब की बोट नव्हतं आत, मी आधी ते कांद्यावर चढवून पाहिलं होतं. रंजीनं गोधडीची घडी घातली. बारशाला पाच दिवस होते आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा दिसलं की हिनं मनातून सोडलंय.

तिसऱ्या दिवशी आईला भेटायला गावी गेलो. शेंद्र्याच्या बाजूला आता नुसत्या कंपन्या, पण आमच्या गल्लीत दगडूमामा अजून हलगीला कातडं चढवतात. ते काम चालू होतं. मामा वरून नखानं टिचकी मारायचे आणि खालून दुसऱ्या हाताचं बोट कातड्याला लावून धरायचे. कानानं नाही, बोटानं ऐकत होते. मी उभाच राहिलो. एक हात वर, एक बोट खाली.

मी कातडं मागितलं. कशाला ते सांगितलं.

"बोटाला? बोट वाजवती काय ती?" मामा म्हणाले. पण उठले. बकऱ्याच्या कातड्याची कातरण होती, कागदापेक्षा थोडी जाड. त्यांनीच सांगितलं की अर्धा तास भिजव, मग ओल्यातच शीव. वाळलं की सुई त्याच्यातून जाणार नाय, पण लागलेली कळंल.

रंजीच्या बोटाचं माप मी पट्टीसकट दोऱ्याला गाठी मारून आणलं होतं. त्या मापाची तुरीची काडी शोधली, तिच्यावर ओलं कातडं गुंडाळलं आणि आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावून हातानं शिवलं. ओलं कातडं निसटतं. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा मामांनी पाहून फक्त "हं" केलं. दुपारभर छपरावर वाळवलं.

चौथ्या दिवशी रंजीनं ती टोपी डाव्या बोटात घातली आणि हात गोधडीखाली सारला. प्रकाश कामावर न जाता दारात उभा. तिनं सुई टोचली. खालून टक् असा बारीक आवाज झाला. तो मलाही ऐकू आला. तिनं टोक परत वर लोटलं. मग दुसरा टाका. मग तिसरा. दहा टाके घालून तिनं गोधडी पालथी केली, मागून पाहिली. पुन्हा सुलटी केली.

आम्ही दोघं ती काही बोलण्याची वाट पाहत होतो. ती शिवतच राहिली. शेवटी प्रकाशनं कपाटावरचा सुयांचा डबा काढून तिच्या गुडघ्याशी ठेवला. मी निघालो तेव्हाही तिनं मान वर केली नव्हती.

तिरुपूरला परत आल्यावर सुपरवायझरनं विचारलं, बरं झालं का सगळं? मी हो म्हटलं, पण खरं मला माहीत नव्हतं. बारशाच्या दिवशी दुपारपर्यंत फोन तीनदा खिशातून काढला. मग दोन फोटो आले. पहिल्यात नऊ वर्षांनी आलेलं ते पोरगं गोधडीवर मुठी मिटून झोपलेलं. मधली कोरी जागा भरलेली. रंजीनं खाली लिहिलं होतं, सगळे टाके माझेच.

दुसरा फोटो टोपीचा होता. मी तो मोठा करून पाहिला. शेंड्यावर बारीक बारीक खड्डे, एकाला खेटून एक, कातड्याचा रंगच दिसेना. हे सगळे टोचे तिच्या बोटात जायचे होते, आणि इतकी वर्षं, प्रत्येक गोधडीला, जातच होते. मी मोजायला घेतले, चाळीसच्या पुढं नजर हलायला लागली, सोडून दिलं.