इंजिनाच्या डोक्यावरची खूण

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान अकोल्याला रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये फिटर होते आणि मी अमरावतीला गणित शिकवीत होतो. युद्ध संपल्यानंतर एका जुन्या इंग्रजी मासिकात उडत्या बॉम्बच्या इंजिनाचा काटछेद आमच्या पाहण्यात आला. त्यात पिस्टन नाही, दांडा नाही, चाक नाही. एक नळी आणि तिच्या तोंडाशी पोलादी पाकळ्यांच्या झडपा, एवढंच. पेट्रोल मिसळलेली हवा पाकळ्या उचलून आत येते आणि पेटते. धडाक्याने पाकळ्या मिटतात, वायू मागच्या तोंडाने सुटतो, आत पोकळी होते आणि तिच्या ओढीने पाकळ्या पुन्हा उघडतात. बॉम्ब आम्हाला नको होता. असं इंजिन घरी करता येतं का, एवढंच पाहायचं होतं.

हिशेब माझा होता. साडेतीन फूट लांबीची नळी आणि तापलेल्या वायूत आवाज किती वेगाने जातो याचा अंदाज धरला, तर सेकंदाला एकशेतीसच्या आसपास धडाके यायला हवेत.

"एकशेतीस?" जावईबापू म्हणाले. "अन् मोजनार कोन?"

"पेटीच्या सुराशी जुळवून पाहू."

"म्हंजे भजनात बसवता इंजिनाले!"

हाताचं काम त्यांचं. त्यांनी पत्रा वळवून पितळेने सांधला. गजराच्या मोडक्या घड्याळांच्या कमानी कापून दहा भोकांवर दहा पाकळ्या बसवल्या, आणि त्या फार उचलून मोडू नयेत म्हणून मागे वळणदार टेकू दिला. झडपांचा हा सगळा भाग, म्हणजे इंजिनाचं डोकं, आठ बोल्टांनी नळीवर आवळला जाई. डोक्याची कडा आणि नळीची कडा यांवरून मी कानशीने एक सरळ रेघ ओढून ठेवली. डोकं काढलं तर पुन्हा त्याच जागी बसावं म्हणून, असं मी त्यांना सांगितलं. ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

पहिली चाचणी गावाबाहेर एका माळ्याच्या वांग्याच्या मळ्यात झाली. लोहाराच्या भात्याने तोंडातून हवा मारायची, जुन्या मोटारीच्या कॉइलने ठिणगी द्यायची आणि पेट्रोलची तोटी हळूहळू उघडायची. दोनचारदा नुसतं ठो ठो झालं. मग एकाएकी सगळे धडाके एकमेकांत मिसळून अखंड गर्जना सुरू झाली. जावईबापूंनी भाता बाजूला केला, तरी इंजिन आपल्या आपण चालू होतं. नळी लालबुंद झाली. मोटेचे बैल दावं तोडून पळाले.

माळी वांग्यांतून ओरडला, "मास्तर, इंजिन करून राहिले का माह्या बैलाइचा जीव घेऊन राहिले?"

त्यानंतर प्रेसच्या मॅनेजराने अकोल्याला बोलावणं धाडलं. प्रेसच्या आवारात रुळांवरच्या ट्रॉलीला इंजिन बांधून चालवून दाखवा, आवडलं तर पुढच्या कामाला पत्रा आणि यंत्रशाळा वापरू देतो, असा निरोप होता. मला शाळेतून रजा मिळण्यासारखी नव्हती. म्हणजे इंजिन एकट्या जावईबापूंबरोबर जाणार. तिथे ते कोणाच्या नावावर उभं राहील, हे मला कळेना. त्यांच्या हाती द्यावं तर इंजिन जाईल. न द्यावं तर बहिणीचं माहेर तुटेल.

संशय एकदा घरात शिरला की त्याला खाणंपिणं पुरवावं लागत नाही. दसऱ्यासाठी बहीण आणि ते अष्टमीलाच आमच्याकडे आले. आल्या आल्या त्यांनी टेकूची गोलाई पुन्हा विचारली. ती त्यांनीच वळवलेली, मग मला का विचारावी? माप घ्यायची माझी कॅलिपर जागेवर दिसेना. ती त्यांच्या पिशवीतून अर्धी बाहेर डोकावत होती.

नवमीला सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो. परत आलो तेव्हा ओसरीवर हत्यारांची पूजा होऊन गेली होती. पाना, कानस, हातोडी आणि इंजिन, सगळ्यांवर हळदकुंकू होतं. मी इंजिनाला माळ घातली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून कोणी लावला नाही, असं मी समजून चाललो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मळ्यात अकोल्याला नेण्याआधीची शेवटची चाचणी होती. इंजिन धरेना. ठो ठो करी आणि दरवेळी पुढच्या तोंडातून जाळाची जीभ बाहेर येई. जाळ पुढे येतो म्हणजे एखादी तरी झडप मिटत नाही. मी वाकून पाहिलं. माझी रेघ जुळत नव्हती. डोकं एका बोल्टाच्या अंतराने फिरून बसलं होतं.

"जावईबापू, डोकं कोनं उघडलं?"

त्यांनी भात्याचा दांडा खाली ठेवला. बहीण शिदोरी घेऊन आली होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माप घ्याचं होतं त मले मांगाचं. चोरून कावून उघडलं?"

"चोरून?" ते म्हणाले. नळी निवल्यावर पाना घेऊन त्यांनी स्वतः आठही बोल्ट सोडले आणि डोकं माझ्या हातावर ठेवलं.

दहाही पाकळ्यांवर कुंकवाचे करपलेले ठिपके होते. एका पाकळीखाली अक्षतेचा एक लाल दाणा अडकून काळा पडला होता.

"आमच्या प्रेसमंधी नवमीले फिटर लोक झडपा उघडूनच पूजा करतात," ते म्हणाले. "वरून कुंकू लावलं त ते टिनाले लागते, यंत्राले नाही. तुमाले विचारलं असतं त तुमी हासले असते."

"आधी पान्यानं डोकं उघडून पूजलं, परत बसवलं, मंगच पाना पूजला, दादा," बहीण म्हणाली. "म्या ताट धरलं होतं. आता मलेही चोर म्हन."

मी काडीने दाणा काढला. पाकळ्या पेट्रोलने धुतल्या, एकेका भोकाला ओठ लावून फुंकून पाहिलं. रेघेला रेघ जुळवून डोकं त्यांनीच आवळलं. भात्याच्या तिसऱ्या दाबाला इंजिनाने सूर धरला. माळ्याने बैल आधीच गोठ्यात बांधले होते.

कॅलिपरचं मात्र मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गोणपाटात गुंडाळताना माझ्या हातात कानस होती. जुन्या रेघेशेजारी मी आणखी एक बारीक रेघ ओढत होतो, तेवढ्यात ते मागे येऊन उभे राहिले. मी हात थांबवला.

"थांबता कावून, भाऊ? ओढा," ते म्हणाले. "दोन कावून, चार ओढा. मॅनेजरानं इचारलं हे कायचं, त मी सांगतो, हे आमच्या मास्तरचं नाव हाय."

मी रेघ पुरी केली. त्यांनी गोणपाटाला दोरी आवळली आणि इंजिन खांद्यावर घेऊन ते मोटार अड्ड्याकडे निघाले. बहीण त्यांच्या मागून गेली. वळणावर तिने मागे वळून पाहिलं नाही. मी दारात उभा राहिलो, गोणपाट दिसेनासं होईपर्यंत.