उठा, इथं जेवू नका

हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसलेल्या अनोळखी माणसाला जेवणावरून उठवणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, मला माहीत नाही. बसत असता तर उठाभाऊंची निम्मी हयात तुरुंगात गेली असती आणि तिथल्या आमटीलाही त्यांनी नावं ठेवली असती. एखादं कुटुंब नुकतंच येऊन टेकलेलं असायचं. बाईंनी पदरानं घाम पुसलेला, पोरांनी पाण्याचे ग्लास उष्टे केलेले. तेवढ्यात उठाभाऊ खुर्ची फिरवून त्यांच्याकडं वळायचे. "ताट आलं का? नाही ना? मग उठा. इथं जेवू नका." हे ते कानात सांगत नसत. गल्ल्यावरच्या मालकाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, कारण पाठीमागं बोलणं हा त्यांच्या मते हलकटपणा होता.

मी तेव्हा एका औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी होतो आणि ते कपाशीचं बियाणं विकणाऱ्या कंपनीचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगाव, धरणगाव, चोपडा, धुळे अशी दोघांचीही फिरती, आणि जळगावात मुक्काम स्टेशनाजवळच्या एकाच लॉजवर. त्यामुळं ओळख झाली. मैत्री म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही. उठाभाऊ हे लॉजवरच्यांनी ठेवलेलं नाव. अंगात राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही चालत नसे. बोलण्यात एवढा तोरा, की खानदेशात पहिली चूल यांच्या आजोबांनीच मांडली असावी असं वाटे. स्वतःला मात्र चहासुद्धा करता येत नव्हता. एकदा भडगावजवळच्या त्यांच्या घरी गेलो, तर बायकोनं वाढलेलं खारट पिठलं हे गृहस्थ खाली मान घालून मुकाट्यानं खात होते. मी मुद्दाम विचारलं, "भाऊ, कसं झालंय?" तर म्हणाले, "घरात बोलायचं नसतं."

बाहेर बोलायला त्यांना कारण भरपूर होतं, हे मात्र कबूल करतो. त्या काळी आमच्या नशिबी आलेली हॉटेलं त्याच लायकीची होती. एका पातेल्यात लाल रस्सा उकळत असायचा. त्यात मटार टाकला की ती एक भाजी, बटाटा टाकला की दुसरी, आणि नुसता चमचा फिरवला की तिसरी, महागातली. उठाभाऊ भाजीपर्यंत जातच नसत. ते आधी कांदा बघायचे. बशीतल्या कांद्याच्या कडा सुकलेल्या दिसल्या की बशी पुढं ढकलायचे. "जो कांदा सकाळी चिरून ठेवतो, त्यानं भाजी काल केलेली असते." मी हे पुढं अनेक ठिकाणी पडताळून पाहिलं. दुर्दैवानं ते खरं निघालं.

गिऱ्हाइकांबद्दलही त्यांना काही फार आदर होता असं नाही. बसल्या बसल्या पापड मागवणाऱ्याला ते म्हणायचे, "तुम्हाला भूक नाही लागलेली, तुम्हाला वेळ घालवायचाय." रश्श्यावर वरून तेल मागणाऱ्याकडं तर ते बघतही नसत. पण माणूस खरंच भुकेला दिसला की त्यांचा नूर बदलायचा. टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून ते नकाशा काढायला लागायचे. "ही जिनिंग मिलची भिंत. हिला धरून चाला. सरकीचा वास संपला की उजव्या हाताला पत्र्याचं छप्पर. आत जाऊन नुसतं वरण-बट्टी म्हणायचं. आणि बियाणेवाल्या भाऊंनी धाडलं असं सांगा." लोक त्या पाण्याच्या रेघांकडं बघत राहायचे, आणि आश्चर्य म्हणजे उठायचे. मालक शिव्या घालायचा. एकानं तर त्यांना दाराबाहेर काढलं होतं. तिथंही पायरीवर उभे राहून ते आत येणाऱ्यांना परत पाठवत होते.

आता यातली खरी गंमत अशी, की ते ज्याची शिफारस करत त्याचं वाटोळं व्हायचं. चोपड्याच्या रस्त्यावर एक ढाबा होता. चार बाजा, एक भट्टी आणि शेवभाजी अशी, की पहिल्या घासाला नाकातून पाणी यावं आणि दुसऱ्यासाठी हात आपोआप पुढं जावा. उठाभाऊंनी वर्षभर तिचा असा डंका पिटला, की तिथं गाड्यांची रांग लागली. मग बोर्ड आला. मग पंखे आले. मग 'फॅमिली रूम' आली, आणि पाठोपाठ तो लाल रस्सा आला. शेवभाजीत शेव तेवढी राहिली. उठाभाऊ एक घास खाऊन उठले. चिडले की त्यांच्या तोंडून घरची अहिराणी बाहेर पडे, तशी आताही पडली. "हाई काय जेवन शे?" बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माणसं वाढली की मसाला वाढत नाही, पाणी वाढतं." यात आपलाही काही हात आहे हे त्यांच्या ध्यानीही आलं नाही. स्वतःचा दोष दिसण्यासाठी लागणारा आरसा त्यांनी बाळगलाच नव्हता.

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावात पिझ्झा अवतरला. एका आइस्क्रीमच्या दुकानात काचेवर रंगानं लिहिलं होतं. मीच त्यांना ओढत नेलं. बेकरीचा जाड गोल पाव, त्यावर टोमॅटोचं गोड सॉस, वर कोबी, ढोबळी मिरची आणि किसलेलं चीज. चीज नीट वितळलेलंही नव्हतं. शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं तो अर्धकच्चा पाव असा काही चवीनं चघळत होती, की जणू परदेशातच बसलीत. उठाभाऊंनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ फिरवला आणि रुमालात काढून ठेवला. "हे जेवण नाही. हे आजारी माणसाचं पथ्य आहे. त्यातही पाव कच्चा." मग पोरांकडं वळून, "उठा रे. तुमच्या आया घरी काय मेल्यात का?" त्या दुकानात पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

एवढा जगाला वाटा दाखवणारा माणूस एक जागा लपवून ठेवतो, हे मला धुळ्यात कळलं. भर दुपारी बाजारामागच्या एका बोळात उठाभाऊ इकडंतिकडं बघत शिरताना दिसले. मी मागोमाग गेलो. दोन खोल्या, तीन बाकं आणि चुलीपुढं पन्नाशीच्या एक अक्का. पाटी नाही, काही नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी अक्का लाकडी उखळीत ठेचत होत्या. उडीद आणि ज्वारी एकत्र दळलेल्या कळण्याच्या पिठाची भाकरी तव्यावर फुगत होती. मला बघून उठाभाऊंचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मी जेवलो. त्या जेवणाबद्दल मी लिहिणार नाही, कारण ते भरीत खाल्ल्यावर मी पाच मिनिटं एक शब्दही बोललो नव्हतो, आणि तेच बरोबर होतं. बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला. "कोणाला सांगायचं नाही. शपथ घ्या." मी घेतली. शपथेपोटी नव्हे. मलाही ती जागा स्वतःपुरतीच हवी होती, तेव्हा त्यांना हसायचा अधिकार मला नाही.

वर्षभर आम्ही दोघं चोरासारखे तिथं जात राहिलो. बहुतेक वेळा तिसरं माणूस नसायचं आणि आम्हाला त्याचं सुखच वाटायचं. एकदा माघ-फाल्गुनाच्या सुमाराला अक्कांनी भाकरी वाढता वाढता हात थांबवला.

"भाऊ, तुम्ही बठ्ठा मुलुखले कोठे कोठे जेवाले धाडतस. मन्हा आठे एक मानूस कधी धाडा का?"

उठाभाऊ हसले. "अक्का, गर्दी व्हयनी का तुमना हात बिघडी."

"बिघडी ते बिघडू द्या, भाऊ," अक्का म्हणाल्या. "चूल ते पेटती राही."

त्या चिडून बोलल्या नाहीत. सरळ बोलल्या आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. उठाभाऊंनी विषय बदलला. मी भरीत पुन्हा मागितलं. आमच्या दोघांच्या मधोमध एक बाई स्वतःची खानावळ वाचवा म्हणून सांगत होती, आणि आम्हाला चिंता होती ती चवीची. जगातल्या सगळ्या भिकार हॉटेलवाल्यांना मी माफ करीन, पण त्या दुपारच्या आम्हा दोघांना नाही.

ते बोलणं उठाभाऊंना लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना स्वतःलाही कळायला दोन महिने लागले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, बियाण्याचा हंगाम लागला आणि ते चोपडा-धरणगावकडं अडकले. धुळ्याला जाणं जमेना. पण त्या हंगामात त्यांनी टेबलाटेबलावर एकच नकाशा काढला. "उठा. धुळ्याला चाललात ना? मग इथं पोट खराब करू नका. बाजारामागचा बोळ, शिंप्याच्या दुकानासमोर, अक्कांच्या हातची कळण्याची भाकरी. बियाणेवाल्या भाऊंनी धाडलं म्हणा." लॉजच्या नोकरापासून ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मी म्हटलं, "आणि शपथ?" तर म्हणाले, "हात बिघडला तर बिघडला. आपण कांदा बघू."

पाऊस लागल्यावर आम्ही दोघं एस.टी.नं धुळ्याला गेलो. बोळाच्या तोंडाशीच सात-आठ स्कूटरी लागलेल्या. उठाभाऊ थबकले. त्यांचा चेहरा असा फुलला, की एवढ्या वर्षांत कुठल्या जेवणानंही फुलला नव्हता. "बघा," ते म्हणाले, "झाली गर्दी. बिघडला असणार हात." आणि सफारी नीट करत पुढं निघाले.

शिंप्याच्या दुकानासमोर अक्कांच्या दोन खोल्यांची एक खोली झाली होती. दारावर लाल-पिवळा बोर्ड होता आणि बोर्डावर पिझ्झ्याचं चित्र. कापडाचं मोठं दुकान असलेल्या एका मारवाडी घरातला धाकटा मुलगा गल्ल्यावर होता. बियाणेवाले भाऊ ते हेच, असं कळताच तो हात जोडून बाहेरच आला. "या भाऊ, या! तुमचं नाव घेऊन रोज दोन-चार माणसं येतात. आधी भाकरी मागतात. मग म्हणतात, आलोच आहोत तर द्या एक. तुम्ही नसता तर पहिले दोन महिने मी माशाच मारत बसलो असतो."

उठाभाऊ शिंप्याकडं वळले. शिंपी मशीन न थांबवता म्हणाला, "अक्का? ती ते आखाजीना आधीच सुरतले गई, लेकीकडे. दिनभर दोन ताटं उठेत नही, मंग काय करी?"

त्या पोरानं आग्रह करून आम्हाला आत बसवलं आणि पिझ्झा आणला. जळगावचाच तो कच्चा पाव, तेच गोड सॉस. मी एक तुकडा कसाबसा गिळला. उठाभाऊंनी सगळा खाल्ला. कडेचा कडक भागसुद्धा ठेवला नाही. पोरगा उत्सुकतेनं उभा होता. त्यानं विचारलं, "कसा वाटला भाऊ?" उठाभाऊ हात पुसत म्हणाले, "गरम आहे."

त्या दिवसापासून त्यांचं उठवणं बंद झालं. पुढ्यात येईल ते खायचे, सुकलेल्या कांद्यासकट. लॉजवरच्या लोकांना वाटलं, भाऊंची तब्येत बिघडली. मालकांना वाटलं, अखेर अक्कल आली. मला मात्र त्यांच्या समोर बसून जेवणं अवघड व्हायला लागलं. ज्या माणसाच्या तोऱ्याचा मी इतकी वर्षं तिरस्कार केला, त्याचा तोराच उतरल्यावर समोर उरला तो एक थकलेला, बेचव माणूस. मला तो अजिबात आवडला नाही.

माझी बदली झाली, तेव्हा शेवटचं एकत्र जेवलो ते जळगावातल्याच एका हॉटेलात. शेजारी नवरा-बायको आणि म्हातारे वडील येऊन बसले. मी उठाभाऊंकडं बघितलं. ते ताटात बघत होते. भाजी इतकी भिकार होती, की तिचं नाव मी आजही सांगू शकणार नाही. मला राहवलं नाही. मी खुर्ची फिरवली.

"ताट आलं का? नाही ना? मग उठा. इथं जेवू नका." माझा आवाज गल्ल्यापर्यंत पोचला असावा, कारण मालकानं मान वर केली. "धरणगावकडं चाललात ना? तिथं एक काकू आहेत, रेल्वे फाटकाजवळ. नवीनच सुरू केलंय. भाकरी आणि पातोड्यांचा रस्सा."

म्हातारबाबा विचारात पडले. मागून उठाभाऊंचा आवाज आला. "चांगलं करते?"

"फार चांगलं."

"मग कशाला सांगता?" ते म्हणाले. "हात बिघडेल तिचा."

"बिघडू द्या, भाऊ," मी म्हटलं.

उठाभाऊंनी आपल्या ग्लासातलं पाणी टेबलावर सांडलं, त्यात बोट बुडवलं आणि त्या म्हाताऱ्याला जवळ बोलावलं.

"ह्यांचं ऐकू नका, ह्यांना रस्ता नीट सांगता येत नाही," ते म्हणाले. "हे बघा बाबा, हे फाटक."