पेटीवरचा पाय

"कापूस हाये बे कानात!"

दिवसातून दहा वेळा तरी तो हे म्हणायचा. मागून हाक मारली तर वळायचा नाही. तुम्ही तणतणत पुढे जाऊन उभे राहिलात की कानाकडे बोट दाखवायचा, हसायचा आणि हे वाक्य तोंडावर फेकायचा. कापूस खरंच असायचा, तोही आमच्या देवघरातला. माझी बायको फुलवाती वळून डब्यात ठेवायची. हा यायचा, "वहिनी, दोन द्या," म्हणायचा आणि एकेक कानात खोचायचा, देठ बाहेर. तूप घातलं असतं तर निरांजनासारखा पेटला असता.

नाव सांगत नाही. कामठीला त्याची माणसं असतील, कशाला उगाच. तुम्हीही माणसं बघत हिंडणारे लोक आहात, नावावाचून ओळखाल.

मी साताऱ्याकडचा. शाळा चौथीतच सोडली, किंवा तिनं मला. फौजेत वायरलेसच्या गाड्यांवर हाताखाली राबत राबत शिकलो आणि सुटल्यावर जयपूरला बनी पार्काच्या तोंडाशी दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्ती आणि कर्णे भाड्याने. माझ्यासारखा तारांना डाख लावून जोडणारा त्या शहरात तेव्हा दुसरा नव्हता. आताही नसेल. साठ साल उलटून गेल्यावरची ही हकिगत आहे.

तो जवळच्याच बँकेत दरवान होता. तोफखान्यातून सुटून आलेला. दिवसा खाकी कोट, दुनळी बंदूक आणि झुबकेदार मिशा. संध्याकाळी त्याच मिशांना मेण लावून टोकं वर, डोक्याला पाव शिशी तेल, डोळ्याला काळा चष्मा, पायात काळे-पांढरे बूट, आणि अंगात जौहरी बाजारातल्या शिंप्यानं वरातीच्या बँडच्या उरल्या कापडातून शिवलेला लाल कोट. पितळी बटणं अकरा. बारावं हरवलेलं, तिथे त्यानं फौजेतलं लावलं होतं. कामठीच्या छावणीत पोरवयात तो गिटार शिकला होता. आदर्श नगरात एक पंजाबी मास्टरजी राहायचे, अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, त्यांच्या बँडपार्टीत हा वाजवायचा. मास्टरजी त्याला गनरजी म्हणायचे.

आमची गाठ पडली मराठी मंडळींच्या गणपतीत. बदलीवर आलेले बँकेचे, विम्याचे साहेब लोक खुर्च्यांवर, आणि मी वायरींपाशी. हा खुर्च्या सोडून माझ्याकडे आला. माझ्या मशिनीकडे बराच वेळ पाहत राहिला.

"भाऊ, याच्यातून खर्ज निघन का?"

"निघेल का म्हणजे? मांडव हलवीन."

"मग हलव ना बे."

एका दमात भाऊ आणि बे! कामठीकडे तशी रीत असेल. आमच्याकडे थोबाडीत बसली असती.

मुंबईच्या हॉटेलांत आता खर्जाची विजेवरची गिटार आली आहे, चारच तारा, जाड आवाज, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं ती पाहिली नव्हती. मी तर नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा आम्ही ती बनवली. मोडक्या पलंगाची शिसवी फळी घेतली. तिच्यावर मोर कोरलेला होता, तो तसाच ठेवला. कबाड्याकडे एक मेलेला पियानो पडला होता, त्याच्या तांबं गुंडाळलेल्या जाड तारा काढल्या. फौजी हेडफोन फोडून त्यातले लोहचुंबक काढले, त्यांवर केसासारखी तार गुंडाळली. वजन म्हणाल तर गळ्यात पाटा अडकवल्यासारखं. पण गळ्यात मोर, डोळ्याला काळा चष्मा आणि कानात फुलवाती घालून तो उभा राहिला की बायामाणसं घूंघटाआडून बघायची.

आणि त्या गिटारीसाठी मी पेटी बनवली. माझ्या आयुष्यातलं एक नंबरचं काम. देवदाराच्या फळ्या, आत फिरत्या सिनेमावाल्याकडून घेतलेला पंधरा इंची स्पीकर, मागे सहा व्हॉल्व. पॉलिश मी स्वतः तीन हात मारलं. तो तिला खोका म्हणायचा. मी म्हणायचो, "पेटी म्हण." तो म्हणायचा, "कापूस हाये बे कानात."

आता त्याची दुसरी सवय. वाजवायला उभा राहिला की डावा बूट काढायचा, मोजा काढायचा आणि नागडा पाय माझ्या पेटीवर ठेवायचा. सबंध कार्यक्रमभर. माझ्या पॉलिशवर!

पहिल्यांदा मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा म्हटलं, "पाय काढ." त्यानं दात दाखवले. तिसऱ्यांदा फडक्यानं त्याच्यादेखत पेटी पुसली. त्यानं फडकं घेऊन आधी आपला पाय पुसला आणि मग परत ठेवला.

दसऱ्याला मी हत्यारं पुजतो. पक्कड, डाख लावायची सळई, मीटर, सगळं पाटावर मांडलं होतं. मधोमध पेटी, तिला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. हा तेवढ्यात आला, सोनं दिलं, वाजवून बघू म्हणाला. बूट काढला आणि पाय ठेवला. झेंडूवर!

"उचल!" मी ओरडलो. "देव आहे तो!"

"देवाच्याच पायी लागून राहिलो ना भाऊ."

"असं लागतात पायी? पाय लावून?"

बायकोनं तोंडाला पदर लावला. ती हसतेय हे बघून मला जास्तच चढली. बरं, शहरातली पोरंसुद्धा त्याचं बघून बिघडली. ज्याच्या हातात गिटार तो कुठल्यातरी खुर्चीवर, स्टुलावर पाय ठेवून उभा. फॅशनच झाली.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, भाऊजींना ऐकू येत नाही."

"कापूस असतो त्याच्या कानात."

"जेवायला येतात तेव्हा कुठे असतो? मी मागून वाढायला गेले की दचकतात. समोरून बोललं की तोंडाकडे बघतात."

"तू वाती वळ," मी म्हटलं.

बहिरा माणूस बाजा वाजवतो, हे कुठल्या चौथी नापास माणसाला पटेल? आणि हा तर दुसऱ्यांच्या कानांची उठाठेव करणारा. ड्रमवाल्याला दम द्यायचा, "कापूस घाल बे, नाहीतर चाळिशीत भिंतीशी बोलशील." मलासुद्धा त्यानं सोडलं नाही. कर्ण्याजवळ काम करत असलो की मागून येऊन माझ्या कानात फुलवात कोंबायचा. मी शिव्या द्यायचो. त्या त्याला लागत नसत.

मी हट्टी माणूस. संक्रांतीच्या आधी पेटीला नवं झाकण केलं. पत्र्याचं, घराच्या छपरासारखं दोन्हीकडे उतरतं. आत गोधडीचे दोन थर, वरून चार स्क्रू. विचारणाऱ्याला सांगितलं, दव पडतं. खरं कारण एकच, छपरावर पाय ठरत नाही.

संक्रांतीला एका मोठ्या हॉटेलात मेजवानी होती. दुपारची, गच्चीवर, पतंग बघत. गोरे पाहुणे, ठाकूर लोक, मॅनेजर. मॅनेजरला सबंध हंगामासाठी एक बँडपार्टी ठेवायची होती आणि त्या दिवशी तो ऐकून ठरवणार होता. मास्टरजी सकाळपासून घाम पुसत होते. "गनरजी, आज गड़बड़ हुई तो मैं दूसरा आदमी देखूँगा, सच कहता हूँ."

त्यानं छप्पर पाहिलं.

"हे काय करून ठेवलं बे?"

"दव पडतं."

"दुपारी?"

"जयपूरला दुपारी पडतं."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता भांडेल. मी तयारच होतो. पण त्यानं पत्र्यावर हात ठेवून पाहिला, आतल्या गोधडीचा मऊपणा दाबून पाहिला, आणि दोन्ही पायांत बूट घालून उभा राहिला.

एरवी लाकडी तख्तावर कार्यक्रम व्हायचे. इथे खाली दगडी गच्ची. पहिलं गाणं ठीक गेलं, तो ड्रमवाल्याच्या पायाकडे बघून वाजवत होता. पण पौषातलं जयपूरचं ऊन शिसवी फळीवर पडत होतं, तारा तापून ढिल्या होत होत्या. दुसऱ्या गाण्यात सूर उतरला. तिसऱ्यात तर म्हशीनं रवंथ करावा तसा आवाज. आणि हा मिशा वर करून हसतोय! चारी बाजूंच्या गच्च्यांवरून पतंग कापणाऱ्यांचं "वो काट्टा!" चाललेलं, ते जणू त्यालाच.

मास्टरजी त्याच्या मागे गेले. "ओ गनरजी! सुर!"

तो वाजवतोय.

"गनरजी!"

मास्टरजींचं डोकं फिरलं. अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा न उतरवता त्यांनी मागूनच त्याच्या दोन्ही कानांतल्या वाती उपटल्या आणि कानाशी तोंड नेऊन ओरडले. असे, की पहिल्या रांगेतल्या मेमसाहेबांच्या हातून कप सांडला.

तो वळला नाही. कान मोकळे झाले हेही त्याला वाऱ्यानंच कळलं असावं. हात वाजवायचा थांबला. कानाकडे बोट गेलं, ते सवयीनं. तोंडही उघडलं, आणि मग पुढे आलेल्या मास्टरजींच्या तळहातावरच्या दोन वाती त्याला दिसल्या. म्हणायचं ते वाक्य तोंडातच राहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, पेटीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम पेटलं. बायको दसऱ्याच्या रात्री जेवताना बोलली होती ते. आणि तो नागडा पाय.

मी स्क्रूड्रायव्हर काढला. तीन स्क्रू आले, चौथा फिरेना. माझाच होता, असा कसा येईल? मग पत्र्याला हात घालून छप्पर उपटलं. तळहात फाटला. गोधडी ओढून फेकली. आणि मी, ज्यानं बापाशिवाय कुणाच्या पायाला हात लावला नाही, मी त्या भर गच्चीवर, ठाकूर लोकांसमोर, गुडघे टेकून त्याच्या डाव्या बुटाची नाडी सोडली. मोजा काढला. वास सांगत नाही. पाय उचलला आणि पेटीवर ठेवला.

त्यानं डोळे मिटले. खुंट्या पिळल्या. एक तार, दुसरी, तिसरी, चौथी. पाय जरासा हलायचा, टाच दाबायचा, परत खुंटी. मास्टरजी तोपर्यंत सावरले होते. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "स्टाइल है जी! बम्बई की नई स्टाइल!"

मग त्यानं जे वाजवलं, ते मी सांगायला जात नाही. मी वायरमन आहे. पण माझ्या खिशातली नाणी वाजत होती.

मास्टरजींना काम मिळालं. मॅनेजरनं एकच अट घातली, तो बूट काढायचा खेळ दर वेळी झाला पाहिजे. पाहुण्यांना आवडला. कुणा मेमसाहेबांना तर तो राजपुतान्यातला जुना रिवाज वाटला. पुढे दोन हिवाळे मी दर कार्यक्रमाला गुडघे टेकून त्याचा बूट काढला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फक्त मोजे धुवून आणायची अट मी घातली.

त्याच संध्याकाळी गच्चीच्या जिन्यावर बसून, माझ्याकडे तोंड करून त्यानं सांगितलं.

"बँकेत कळलं तर बंदूक जाईन. जाऊ दे, बंदुकीचं काय. पण मास्टरजींले कळलं तर गिटार गेली असती भाऊ."

"त्यांना कळलंय."

"ते म्हणाले, वाजवते टांग, मले टांगेशी मतलब." तो हसला. "सा टाचेत येते. मध्यम पोटरीत. पंचम गुडघ्यात येऊन बसते."

"आणि वरचे सूर?"

"वरचे मास्टरजींचे. मले काय करायचे?"

"मग कापूस कशाला घालतोस, गाढवा?"

तो माझ्या फाटक्या हाताला आपला रुमाल बांधू लागला. "तोफेपाशी कोणी दिला नाही ना बे," तो म्हणाला. खिशातून त्या दोन वाती काढल्या, मास्टरजींनी परत दिलेल्या, आणि माझ्या कानात खोचल्या. मी शिवी दिली नाही.

नंतर बँकेची नोकरी संपली आणि तो कामठीला गेला. मोराची गिटार गळ्यात घालून गाडीत बसला. पेटी गाडीत मावेना, माझ्याकडेच राहिली. निघताना मी फलाटावर खिडकीतून काय काय ओरडत होतो, तो कानाकडे बोट दाखवून हसत होता. दोन पत्रं आली. तिसरं त्याच्या पुतण्याचं होतं. ते मी बायकोकडून वाचून घेतलं आणि परत वाच म्हटलं नाही.

मी आता ऐंशीच्या पुढे आहे. शेजारच्या घरातला डाळीच्या फोडणीचा आवाज मला इकडे ऐकू येतो. माझ्या वयाच्या कर्णेवाल्यांपैकी किती जणांना येतो, विचारून बघा.

पेटी घरात आहे. व्हॉल्व गेलेत. पॉलिश अजून माझंच, फक्त वरच्या फळीवर एका जागी उडून पांढरं लाकूड दिसतं. टाच, मधला पोकळ भाग, पुढे पाच बोटं, अंगठा जरा वाकडा. दसऱ्याला मी हत्यारं पाटावर मांडतो. हळदकुंकू वाहताना आधी त्या उडालेल्या पॉलिशवर वाहतो, मग बाकीच्या पेटीला. परवा बायको म्हणाली, "पाय काढ म्हणत होतात ना?"

मी म्हटलं, "कापूस हाये कानात."